फलत्याग कोणाच्या फलाचा?

चेन्नईतील तिरुवल्लिक्केणी भागात पार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे. तेथील उत्सवमूर्तीच्या मुखावर व्रणांच्या खुणा आहेत. त्या भीष्मांच्या बाणांच्या, असे भाविक मानतात. ज्याने गीता सांगितली तो त्या वेळी सिंहासनावर नव्हता, सारथ्याच्या जागी बसलेला होता. अर्जुनाने रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेण्यास सांगितले आणि त्याने तो नेला. युद्ध अर्जुनाचे, जयापजयही अर्जुनाचा. सारथ्याकडे होते ते दुसऱ्यास इष्ट स्थळी नेण्याचे काम. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात घोडे सोडून त्यांच्या अंगातील बाण काढणे आणि त्यांना पाणी पाजणे हेही त्यानेच केले, असे महाभारत सांगते.

याच नगरात आज सहस्रावधी सारथी रोज लोकांना वाहून नेत आहेत. शहरातील बसवाहतूक शासनाने १९४७ साली हाती घेतली. १ जानेवारी १९७२ रोजी तिच्यासाठी पल्लवन परिवहन महामंडळ स्थापन झाले. त्याचा वारसा चालविणाऱ्या आजच्या महानगर परिवहन महामंडळाच्या गाड्यांची संख्या ३,००० हून अधिक आहे. कोणत्या मार्गावर किती फेऱ्या व्हाव्यात, कोणत्या चालक-वाहकास कोठे नेमावे, कोणती गाडी दुरुस्तीसाठी आगारात ठेवावी, हे ठरविणारा असतो तो वाहतूक-व्यवस्थापक. प्रवाशास चालक दिसतो, वाहक दिसतो. व्यवस्थापक दिसत नाही. सर्व सुरळीत चालले तर त्याची आठवण कोणास होत नाही, आणि गाडी आली नाही तर दोष मात्र त्याच्याकडे जातो. हा व्यवसाय पत्करू पाहणाऱ्या तरुणापुढे म्हणूनच एक प्रश्न उभा राहतो. फलाची आसक्ती सोडून कर्म करावे, या उपदेशाचा अर्थ त्याने काय घ्यावा?

एक सोयीचा अर्थ जवळच पडलेला असतो. वेळापत्रक केले, गाड्या सोडल्या. आता त्या वेळेवर पोहोचणे न पोहोचणे आपल्या हाती नाही, असे म्हणून तो निश्चिंत होऊ शकतो. परंतु ही अलिप्तता म्हणजे फलत्याग नव्हे. नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग अठराव्या अध्यायात तामस ठरविला आहे, तो हाच.

एक साधे उदाहरण घ्यावे. अण्णा सालैसारख्या गजबजलेल्या रस्त्यावरील एखाद्या मार्गावर दर १० मिनिटांनी बस असावी, असे ठरले आहे असे समजू. एका गाडीस थोडा उशीर होतो. तेवढ्या वेळात पुढच्या थांब्यावर अधिक माणसे जमतात. त्यांना चढण्यास अधिक वेळ लागतो आणि गाडी आणखी मागे पडते. मागून येणाऱ्या गाडीस मात्र प्रवासी थोडे मिळतात, म्हणून ती लवकर पुढे सरकते आणि अखेर पहिलीस गाठते. मग दर २० मिनिटांनी दोन-दोन गाड्या एकदम येऊ लागतात. वहीत तासाच्या ६ फेऱ्या पूर्वीइतक्याच राहतात. पण थांब्यावरील मनुष्याचे वाट पाहणे सरासरी ५ मिनिटांवरून १० मिनिटांवर जाते. कर्म पूर्ण झाल्याची नोंद झाली आणि ज्याच्यासाठी ते होते, तो उन्हात उभाच राहिला!

यावरील एक उपाय म्हणजे मागची गाडी काही क्षण रोखून धरणे. तसे करताच आत बसलेले प्रवासी रागावतात, आणि त्यांचा राग खोटाही नसतो. परंतु पुढच्या थांब्यांवर, दृष्टीच्या पलीकडे, कितीतरी माणसे उभी असतात. जे समोर आहेत त्यांचा रोष पत्करून, जे दिसत नाहीत त्यांची काळजी वाहणे, हा या कामातील लोकसंग्रह होय. सारथ्याच्या मुखावरील व्रणांचा अर्थ येथे उमगू लागतो.

तथापि व्यवस्थापक सर्वस्वी कर्ता नव्हे, हेही खरे. अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव अशी कर्मसिद्धीची पाच कारणे गीतेने सांगितली आहेत. रस्ता, माणसे, वाहन आणि परिश्रम ही सारी अनुकूल असूनही पाचवे कारण प्रतिकूल होऊ शकते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईचे रस्तेच पाण्याखाली गेले. अशा वेळी वेळापत्रक मोडल्याबद्दल स्वतःस जाळीत बसणे हा अहंकारच आहे. मात्र पाणी ओसरेल तशी जी वाट मोकळी होईल, तिच्यावर गाडी सोडणे हे त्याच्या हाती उरतेच. दैवाचे नाव घेण्याचा अधिकार पहिली चार कारणे सांभाळणाऱ्यासच आहे.

मग त्याने सोडावयाचे फल कोणते? स्वतःचे: वाहवा, बढती, भरलेल्या गल्ल्याचा अभिमान. हिशेब तुच्छ आहे, असा याचा अर्थ नव्हे. १८९५ साली सुरू झालेली मद्रासची ट्राम आर्थिक अडचणींमुळे एप्रिल १९५३ मध्ये बंद पडली. घोड्यांना पाणी नसेल तर रथ चालत नाही. पण पाणी हे रथाचे गंतव्य नव्हे. मे २०२१ पासून चेन्नईच्या साध्या बसगाड्यांत स्त्रियांना विनामूल्य प्रवास मिळू लागला आणि त्याची भरपाई राज्यशासन करू लागले. जिच्याकडून वाहकाच्या हाती एक पैसाही पडत नाही, अशी मजूर स्त्री पहाटे थांब्यावर उभी असते. तिच्यासाठी गाडी त्याच तत्परतेने थांबते की नाही, यावर व्यवस्थापकाच्या समत्वाची परीक्षा होते.

ती स्त्री कामावर वेळेवर पोहोचणे हे तिचे फल आहे. ते व्यवस्थापकाचे नव्हेच, म्हणून ते सोडून देण्याचा अधिकारही त्यास नाही. आपले फल सोडावे आणि दुसऱ्याचे फल ठेवीसारखे जपावे. एवढे ज्यास साधले, त्यास आगारातील वेळापत्रकाच्या वहीतच कर्मयोग सापडेल.