हातातून काहीच जात नाही

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, मांडवीच्या काठावर, माणसांना संमोहित करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा उभा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ साली बसवलेला. पायघोळ झग्यातला पाद्री पुढे झुकला आहे, त्याचे हात रोखलेले आहेत आणि समोर एक स्त्री मागे कलंडते आहे. शिल्प म्हणून ते जबरदस्तच आहे. पण पाहणाऱ्याची समजूत अशी होते की पाद्र्याच्या हातांतून काही तरी शक्ती निघाली आणि बाई झोपी गेली. फारियाने आयुष्याची अखेरची वर्षे नेमकी हीच समजूत खोडून काढण्यात घालवली. हातातून काहीच जात नाही, झोपणारा आपल्याच मनाने झोपतो, हे त्याचे म्हणणे. ते किती मोठे होते, हे कळायला त्याच्या काळापासून पावणेदोनशे वर्षे मागे, रने देकार्तपर्यंत जावे लागते.

देकार्तचा जीव गणितावर होता. १६३७ साली त्याने भूमितीवर जे लिहिले, त्यातून वक्ररेषा समीकरणात मांडण्याची वाट खुली झाली. एखादे प्रमेय जितके पक्के, तितकेच पक्के बाकीचे ज्ञानही असावे, अशी त्याची आस होती. म्हणून ज्या ज्या गोष्टीवर शंका घेता येईल ती बाजूला ठेवत तो गेला, आणि शेवटी उरले ते शंका घेणारे मन. शरीर म्हणजे लांबी, रुंदी, खोली असलेली, जागा व्यापणारी वस्तू; तिला गणित लागू पडते. मन जागा व्यापत नाही, म्हणून ते वेगळे द्रव्य. मन आणि शरीर यांची ही फाळणी धर्मश्रद्धेपेक्षा भूमितीतून जास्त आली, असे मला वाटते. मोजपट्टीत जे बसले नाही, ते मनाच्या खात्यात गेले.

शरीराचे यंत्र समजावणारे एक चित्र त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात आहे. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे. चटका बसताच पायापासून मेंदूपर्यंत गेलेला बारीक धागा ओढला जातो, मेंदूतले एक छिद्र उघडते आणि पाय मागे येतो. इथपर्यंत मनाचे काही कामच नाही.

पण मग मन शरीराला हलवते कसे? १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला पत्र लिहून हेच विचारले. ढकलायचे तर स्पर्श हवा, स्पर्शाला आकारमान हवे, आणि आत्म्याला तर तुम्ही आकारमान नाकारता. चोवीस वर्षांच्या त्या मुलीने सगळ्या मांडणीतला कच्चा दुवा अचूक धरला होता. मेंदूच्या मध्यावरल्या एका छोट्या ग्रंथीत आत्मा आणि शरीर भेटतात, असे देकार्त सांगत असे, पण भेटीची जागा दाखवून भेट कशी होते ते कळत नाही. स्पिनोझाने दोन द्रव्ये ही कल्पनाच टाकून दिली. लायब्निट्झने दोघांना ईश्वराने आधीच जुळवून दिलेल्या मार्गांवर सोडले. प्रश्न तसाच राहिला.

अठराव्या शतकात त्यावर एक सोपे उत्तर बाजारात आले. १७७८ साली पॅरिसला आलेला डॉक्टर मेस्मर म्हणे, विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून आहे. माझ्या हातांतून तो रोग्याच्या अंगात जातो आणि रोग बरा करतो. मन आणि शरीर यांच्यामध्ये त्याने चक्क एक पदार्थ ओतला. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होता, लाव्हाझिए होता. फ्रँकलिनच्या बागेत एका जर्दाळूच्या झाडात म्हणे हा द्रव भरला गेला आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेले. मुलगा बेशुद्ध पडला तो चौथ्या झाडापाशी. भारलेले झाड अजून दूरच होते. समितीने निकाल दिला की द्रव नाही, ही सगळी कल्पनाशक्ती.

निकाल बरोबर होता. पण ज्या कल्पनेने एक धडधाकट पोर जमिनीवर कोसळते, ती कल्पना ही काय चीज आहे, हे समितीने विचारलेच नाही. तिच्या दृष्टीने ते प्रकरण मिटले होते. फारियाचे मोठेपण इथे आहे. समितीने जिथे पूर्णविराम दिला, तिथून त्याने सुरुवात केली.

जुझे कुस्तोदियो द फारिया १७५६ साली कांदोळीला जन्मला. वडिलांचे गाव कोलवाळ. १७७१ साली तो वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला, पुढे पॅरिसला गेला. मार्सेयला त्याने तत्त्वज्ञान शिकवले. लिस्बनच्या राजदरबारात प्रवचन देताना तो गांगरला आणि वडिलांनी कोकणीत हळूच, ही सगळी भाजी आहे, काप, असे सांगताच त्याची वाणी सुटली, ही आख्यायिका गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

१८१३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्याने जाहीर वर्ग सुरू केले. माणसाला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करायला सांगायचा, आणि मग मोठ्याने एकच आज्ञा द्यायचा: झोपा! मेस्मरसारखे अंगावरून हात फिरवणे नाही, लोहचुंबक नाही. काहीजण झोपत, काहीजण नाही. त्याचा अर्थ त्याने सरळ लावला: शक्ती माझ्यात असती तर सगळेच झोपले असते. १८१६ साली त्याची टर उडवणारे नाटक रंगभूमीवर आले. द्रववाल्यांना तो नको होता, कारण त्याने द्रव नाकारला. धर्मवाल्यांना नको होता, कारण त्यांना यात सैतान दिसत होता. अशा झोपेला तो स्वच्छ निद्रा म्हणे; १८१९ साली तिच्या कारणांवरचा त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला. योजलेल्या चार खंडांपैकी पहिलाच छापून झाला होता.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःला ब्राह्मण म्हणवले आहे. त्यावरून तो गोव्यातून योगविद्या घेऊन गेला, असे काही जण अभिमानाने सांगतात. मला या दाव्याची गरज वाटत नाही. पंधराव्या वर्षी गोवा सोडलेल्या मुलाचा युक्तिवाद पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या तालमीत घडला आहे आणि पुरावा पॅरिसमधल्या माणसांचा आहे. तो चुकलाही. काही माणसेच सहज का झोपतात, याचे कारण त्याने रक्ताच्या पातळपणात शोधले, म्हणजे दारातून घालवलेला द्रव खिडकीतून परत आत घेतला. एलिझाबेथचा प्रश्न त्याला सुटला नाही. पण उत्तर कुठे शोधायचे ती जागा त्याने बदलली: भारणाऱ्याकडून भारल्या जाणाऱ्याकडे.

पुढे १८४३ साली जेम्स ब्रेडने या विद्येला नवे नाव दिले. नॅन्सीच्या बर्नहाइमने फारियाचे ऋण मान्य केले आणि १८८९ साली फ्रॉईड त्याच नॅन्सीत शिकायला गेला. १९०६ साली डॉ. दालगादो यांनी फारियाचे चरित्र लिहिले आणि मूळ ग्रंथही पुन्हा छापला. १९२५ साली एगास मोनिझ या पोर्तुगीज मज्जातज्ज्ञाने त्याच्यावर पुस्तक लिहिले.

मन शरीराला कसे हलवते, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकापुरता नाही. डिचोली तालुक्यातल्या शिरगावात लईराई देवीच्या जत्रेला, वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री, धोंड म्हणवणारे भक्त व्रत पाळून, तळीत न्हाऊन, हातात वेताची काठी घेऊन होमकुंडातून जातात. पहाटेच्या अंधारात लालबुंद निखारे, देवीचा गजर, आणि एकामागून एक पाय पडत जातात. देकार्तच्या चित्रातल्या मुलाने पाय मागे घेतला असता. निखारा उष्णता सावकाश देतो आणि पाऊल क्षणभरच टेकते, हे शरीराचे कारण खरेच आहे. पण पाऊल टाकण्याची तयारी आधीच्या दिवसांच्या व्रतात होते. १९९७ साली माँट्रियलच्या संशोधकांनी संमोहित माणसांचे हात कढत पाण्यात बुडवले. वेदना कमी त्रासदायक आहे असे सुचवले, तर मेंदूतला त्रास जाणवण्याशी निगडित भाग शांत झाला. उष्णतेची नोंद घेणारा भाग तसाच चालू राहिला. चटका तोच, सोसणे वेगळे.

पेडण्याला कोजागरीच्या पुनवेला बाधा झालेली माणसे आणतात. तिथे गजरात थरथरणाऱ्या बाईला ढोंगी म्हणणे सोपे, आणि तिच्यावर हात ठेवणाऱ्याला सामर्थ्यवान मानणे त्याहून सोपे. फारिया दोन्ही नाकारतो. जे घडते ते खरे आहे, आणि ते तिच्यात घडते.

गोव्यातल्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. देकार्तच्या तासाला एलिझाबेथचे पत्र वाचून झाले की फारियाचा ग्रंथ उघडा. तो दालगादोंनी जपला आहे, आणि त्याची जागा मानसशास्त्राच्या इतिहासातल्या तळटीपेत नाही, त्याच तासाला आहे.