परतलेल्यांची यादी

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासून पुढे वाचू लागले की बाबेलहून यरुशलेमची वाट जणू देव स्वतः आखतो आहे असे वाटते. दऱ्या भरून येतात, डोंगर खचतात, ओसाड रानातून सडक निघते. हाच प्रवास एज्राच्या पुस्तकात येतो तेव्हा सडकेचा पत्ताच नसतो. असते ती यादी. ४२,३६० माणसे, ७,३३७ दासदासी, गाणारे आणि गाणाऱ्या मिळून २००, घोडे ७३६, खेचरे २४५, उंट ४३५, गाढवे ६,७२०. एकेका घराण्याचे आकडे जोडत गेलात तर बेरीज तीस हजारांच्याही आत येते. ही तफावत अभ्यासकांनी नाना तऱ्हांनी समजावून दिली आहे आणि ती अजूनही पुरती समजलेली नाही.

निर्वासितांना परत आणणारा देव ही बायबलमधली फार मोठी कल्पना. पण तिचा कस यशयाच्या काव्यात लागत नाही, तो या रोजमेळात लागतो, असे माझे मत आहे. माणसांना परत आणणे हे देवाचे काम, असे बायबल ठासून सांगते. परत आलेल्यांत आपले कोण आणि परके कोण, हे मात्र माणसे ठरवतात. आणि त्यांनी ते कसे ठरवले हेही बायबल लपवत नाही.

मुळात हद्दपार झाले किती? इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यहूदाचा राजा यहोयाखीनला दरबारी, सैनिक, लोहार-सुतारांसकट बाबेलला नेले. ५८६ मध्ये यरुशलेम पडले, मंदिर जळले, आणखी लोक नेले गेले. यिर्मयाच्या पुस्तकाच्या शेवटी तीन खेपांची बेरीज ४,६०० दिली आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात पहिल्या खेपेतच दहा हजार. कोणताही आकडा धरा, देशातले बहुसंख्य लोक देशातच राहिले. त्यांच्यातल्या गरिबांना द्राक्षमळे आणि शेते राखायला मागे ठेवले होते. मागे राहिलेले म्हणू लागले, गेलेले गेले, आता जमीन आमची. ५९७ नंतर यिर्मया संदेष्ट्याला अंजिरांच्या दोन टोपल्यांचा दृष्टान्त झाला. त्यात चांगली अंजिरे म्हणजे हद्दपार झालेले, आणि नासकी म्हणजे देशात उरलेले. परतीच्या भांडणाचे बी तिथेच पडले.

बाबेलमधले दिवस सगळे रडण्याचे नव्हते. यिर्मयाने यरुशलेमहून पत्र धाडून तिथल्या लोकांना बजावले होते की घरे बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लोकांनी ते मनावर घेतलेले दिसते. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या शिध्याच्या पाट्यांवर यहूदाच्या कैदी राजाला आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाची नोंद आहे. दक्षिण इराकमधल्या एका खेड्याचे नाव तर चक्क ‘यहूदानगर’ होते. तिथल्या आणि आसपासच्या मातीच्या पाट्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत जव आहे, खजूर आहे, खंड आहे, कर आहे, उधारी आहे. शेवटची पाटी इ. स. पू. ४७७ ची, म्हणजे यरुशलेमचे मंदिर पुन्हा उभे राहून ३८ वर्षे झाल्यावरची. वाट मोकळी होऊनही ही माणसे निघाली नव्हती.

यात अश्रद्धा होती असे मला वाटत नाही. खबार नदीच्या काठी, परक्या मुलखात, यहेज्केल संदेष्ट्याला देवाचा रथ दिसला होता. देवाचे तेज मंदिर सोडून निघून जाताना त्याने दृष्टान्तात पाहिले होते. देवच हद्दपारांपाशी येऊन राहिला असेल, तर घरी परतायचे ते कोणाकडे? हा प्रश्न सहज उडवून लावता येत नाही. परतीची हाक बायबल सोडत नाही, पण न परतलेल्यांचीही गोष्ट ते सांगते. एस्तेर शूशनच्या राजवाड्यातच राहते, आणि त्या पुस्तकाच्या हिब्रू संहितेत देवाचे नावसुद्धा येत नाही.

परतीचा हुकूम दिला तो कोरेशने, इराणच्या राजाने. ५३९ मध्ये त्याने बाबेल घेतले. यशया त्याला देवाचा अभिषिक्त म्हणतो. एरवी दाविदाच्या गादीवरच्या राजाला शोभणारा हा शब्द एका परधर्मी राजाला लावायला मोठे धाडस हवे. याच कोरेशचा मातीचा कोरीव दंडगोल २०१३ च्या डिसेंबरात ब्रिटिश म्युझियममधून मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. वस्तू लहानखुरी, वीतभर लांबीची, अक्षर बारीक. त्यावर लिहिले आहे की मर्दुक देवाने कोरेशला हाताला धरून बाबेलमध्ये आणले, आणि त्याने कितीतरी ठिकाणचे देव आणि माणसे आपापल्या जागी परत धाडली. यहूदाचे नाव त्यात कुठेही नाही. म्हणजे एकाच राजाला एकाच वेळी दोन देवांनी निवडले होते! इतिहासकार म्हणेल की सीमेवरची जनता राजी राखण्याचे हे धोरण होते. श्रद्धावान म्हणेल, देव धोरणातूनही काम करतो. दोघांची म्हणणी एकमेकांना छेद देतातच असे नाही.

मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुणांनी जयघोष केला आणि जुने मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले. दोन्ही आवाज असे मिसळले की कोणता कशाचा ते कळेना. इथवर सगळे हृद्य आहे. लगेच पुढच्या अध्यायात आसपासचे लोक येतात. आम्हीही तुमच्याच देवाला भजतो, बांधकामाला हात लावू द्या, म्हणतात. त्यांना साफ नकार मिळतो. त्यानंतर काही दशकांनी, ४५८ च्या सुमारास, शास्त्री एज्रा बाबेलहून येतो आणि परक्या बायका केलेल्या पुरुषांची यादी करून त्या बायकांना घालवून देण्याचा ठराव होतो. यादी संपते तिथे एकच कोरडे वाक्य आहे, की यातल्या काही बायकांना मुलेही होती. त्यांचे पुढे काय झाले, यावर अवाक्षर नाही. याच काळाच्या आसपास यशयाच्या पुस्तकातला दुसरा आवाज म्हणतो की देवाला धरून राहणाऱ्या परक्याने स्वतःला वेगळा समजू नये, आणि विखुरलेल्यांना गोळा करणारा देव आणखीही लोक आणणार आहे. रूथचे पुस्तक तर दाविदाच्या पणजीलाच मवाबी ठरवते. बायबलने दोन्ही बाजू ठेवल्या, एकीला गप्प केले नाही.

यादीतच एक कोपरा आहे. तेल-मेलह, तेल-हर्षा अशा गावांहून आलेल्या ६५२ जणांना आपण इस्राएलचे आहोत हे सिद्ध करता येईना. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या याजक घराण्यांचीही वंशावळ सापडेना. त्यांना याजकपदावरून दूर केले, आणि देवाचा कौल लावण्याचे ऊरीम व थुम्मीम घेऊन याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नाला शिवायचे नाही, असे सांगितले. इतका लांबचा प्रवास करून आलेल्याला दारातच कागद मागितला गेला.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ हे नाव कमावले, पेणकर, किहीमकर, रोहेकर झाले, मराठीत योसेफाच्या कथेवर कीर्तने केली. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. १९४८ नंतर ते इस्राएलला जाऊ लागले, पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत मागितलेल्या यरुशलेमकडे. तिथे वागणूक बरी मिळत नाही म्हणून एका गटाने धरणे धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि १९५२ मध्ये तो परत आलाही; त्यातले बहुतेक पुन्हा इस्राएलला गेले. १९६२ मध्ये मुख्य रब्बीपीठाने फर्मान काढले की बेने इस्राएलांची इतर यहुद्यांशी लग्ने लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडच्यांची, शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करावी. निदर्शने झाली. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे ठरावाने सांगितले, तेव्हा कुठे फर्मानातून त्यांचे नाव वगळले गेले. ज्यांनी ही चौकशी मांडली त्यांना एज्राचे पुस्तक ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

आणि १९४८ मध्ये त्याच भूमीतून सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. परतीचे वचन जमिनीच्या सातबाऱ्यासारखे वाचले की आधीपासून तिथे राहणारा आपोआप कूळही उरत नाही. हे वचन मोडीत काढावे असे मी म्हणत नाही. परतलेल्यांचीच नहेम्याच्या पुस्तकातली प्रार्थना मात्र त्यासोबत वाचावी. वाडवडिलांना दिलेल्या देशातच आज आम्ही दास आहोत, पीक आमचे आणि खाणारे परके राजे, असे ते देवाला सांगतात. परत येऊन ऐंशी-नव्वद वर्षे उलटल्यावरही त्यांच्या लेखी परत येणे पुरे झालेले नव्हते.

हक्कोसच्या घराण्याचे पुढे काय झाले याचा माग लागतो. एज्राबरोबर आलेली सोन्यारुप्याची भांडी मंदिरात तोलून घेतो तो याजक म्हणजे उरीयाचा मुलगा मरेमोथ. पुढे नहेम्या यरुशलेमचा तट बांधतो तेव्हा तटाचे दोन भाग दुरुस्त करणाराही उरीयाचा मुलगा मरेमोथच, आणि तिथे आजोबाचे नावही दिले आहे: हक्कोस. हा माणूस एकच असावा असे मानायला हरकत नाही. दूर केलेल्या घराण्यातला माणूस देवळाचे रुपे तोलतो आहे. त्याची वंशावळ केव्हा सापडली, की ती विचारणेच लोकांनी सोडून दिले, हे दोन्ही पुस्तकांत कुठेच लिहिलेले नाही.