विश्वरचना आणि जीवसृष्टि

हें अफाट विश्व जीवसृष्टि निर्माण व्हावी या हेतूनेंच रचलें गेलें आहे काय, हा प्रश्न फार जुना आहे. घट दिसला कीं कुंभार मानावा लागतो. जग हेंहि कार्यच, तेव्हां त्यालाहि कर्ता असलाच पाहिजे, असा आपल्याकडील नैयायिकांचा युक्तिवाद होता, व उदयनाचार्यांनीं तो ‘न्यायकुसुमांजलि’ ग्रंथांत मोठ्या कुशलतेनें मांडला. इंग्लंडांत विल्यम पेली या धर्मोपदेशकानें १८०२ सालीं घड्याळाचा दृष्टांत देऊन जवळजवळ तेंच सांगितलें. पुढें १८५९ सालीं डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि डोळा, पंख इत्यादि अवयवांची घडण नैसर्गिक निवडीनें होऊं शकते असें दिसून आल्यावर या युक्तिवादाचा जोर ओसरला. परंतु तो संपला नाहीं. प्राण्यांच्या शरीरांतून निघून तो सृष्टीच्या मूळ नियमांत जाऊन बसला.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण कार्बनचें आहे. सजीवांची घडण ज्याच्यावांचून होत नाहीं असें हें मूलद्रव्य ताऱ्यांच्या पोटांत तयार होतें. हेलियमचे दोन अणुगर्भ एकत्र आले म्हणजे बेरिलियम होतें, पण तें क्षणाच्या अत्यल्प अंशांत फुटतें. तेवढ्या अवधींत तिसरा हेलियम येऊन मिळाला तरच कार्बन बनावयाचा. हा योग इतका दुर्मिळ कीं, त्या हिशेबानें जगांत आज दिसतो तेवढा कार्बन असूंच नये. मराठी वाचकांस सुपरिचित असलेले जयंत नारळीकर ज्यांचे शिष्य, त्या फ्रेड हॉईल यांनीं १९५३ सालीं असें अनुमान बांधलें कीं, कार्बनच्या अणुगर्भास एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे; तिच्यामुळेंच हा संयोग सुलभ होत असावा. कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत शोध घेतां ती पातळी सुमारें ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशीं खरोखरीच सांपडली. पुढें १९८१ सालीं हॉईल यांनीं अशा आशयाचें लिहिलें कीं, हें सारें पाहिलें म्हणजे कोणा महाबुद्धीनें भौतिकशास्त्रांत हात घातला असावा असें वाटतें.

हें अनुमान मोहक खरें. पण त्याची छाननी केली पाहिजे. पहिली गोष्ट ही कीं, १९५३ सालीं हॉईल यांनीं सृष्टीच्या हेतूचा आधार घेतलाच नव्हता. ताऱ्यांत कार्बन तयार होतो, तर तो तयार होण्याचा मार्गहि असला पाहिजे, एवढाच त्यांचा तर्क होता. हेतूची कल्पना मागाहून आली. दुसरी गोष्ट, ही पातळी सुईच्या अग्रावर तोललेली आहे असेंहि नाहीं, ती ०.०६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टनें सरकली तरी कार्बनच्या उत्पत्तींत फारसा फरक पडत नाहीं, असें १९८९ सालीं मारिओ लिव्हिओ व त्यांचे सहकारी यांनीं गणितानें दाखविलें. तिसरी गोष्ट, ‘असें विश्व असण्याचा संभव फार थोडा’ असें म्हणण्यास अनेक विश्वें पाहिलेलीं असावीं लागतात. आपल्यापुढें तर एकच आहे. कुंभारास घट घडवितांना आपण पाहिलेलें असतें. विश्वें घडवितांना कोणासच पाहिलेलें नाहीं.

उलट पक्षाचें उत्तरहि पुरेसें नाहीं. ज्या विश्वांत पाहणारा संभवतो तसेंच विश्व पाहणाऱ्यास दिसणार, हा मुद्दा ब्रँडन कार्टर यांनीं १९७३ सालीं मांडला, आणि तो निर्विवाद आहे. परंतु दरड कोसळून सारें गांव गाडलें गेलें व एकच मूल वांचलें, तर ‘तें वांचलें नसतें तर विचारावयास राहिलेंच नसतें’ एवढ्यानें कोणाचें समाधान होईल? तें कसें वांचलें, हें विचारावेंसें वाटतेंच.

तेव्हां बुद्धीपुढें हा वाद अनिर्णीत आहे. आतां नीतीच्या दृष्टीनें पाहूं. ज्यास सृष्टीची साक्ष काढावयाची असेल त्यानें ती संपूर्ण ऐकली पाहिजे. ज्या कार्बनचें बाळाचें शरीर घडतें, त्याच कार्बनचा प्लेगचा जंतूहि घडतो. १८९७ सालीं पुण्यांत त्यानें घरेंच्या घरें ओस पाडलीं. विश्व जीवनासाठीं रचलें असेल, तर तें त्या जंतूसाठींहि रचलें आहे. ज्या मातेचें मूल गेलें तिला ‘सारें योजनेप्रमाणेंच आहे’ असें सांगणारा मनुष्य तिचें सांत्वन करीत नसतो. आपल्या सिद्धांताचें रक्षण करीत असतो.

याचा अर्थ श्रद्धावानानें श्रद्धा सोडावी असा नाहीं. मात्र ती अणुगर्भाच्या एका पातळीवर टांगूं नये. उद्यां नवें गणित झालें तर ती डळमळेल. आणि हेतु सिद्ध झाला नाहीं म्हणून जीवन कवडीमोल, असें नास्तिकानेंहि समजूं नये. त्याच १८९७ सालीं, त्याच सांथींत, रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. विश्वाच्या हेतूचा निकाल लागावा म्हणून त्या थांबल्या नव्हत्या. तो निकाल कधीं लागो वा न लागो, जीव जपण्याचें काम आपणांवर आलेलेंच आहे.