‘मी तेथे नव्हतो’

ज्याने अपराध केला त्यानेच क्षमा मागावी, हा न्याय आपल्याला सहज पटतो. पित्याच्या पापाचा भार पुत्राने वाहू नये, असे यहेज्केल संदेष्ट्यानेही बजावले आहे. मग जे पाप आपल्या हातून घडलेच नाही, त्याबद्दल कोणी ‘आम्ही चुकलो’ असे म्हणावे काय?

श्रीलंकेत सुमारे ७० टक्के लोक बौद्ध आहेत. ख्रिस्ती अल्पसंख्य, त्यांतही बहुसंख्य कॅथलिक. अँग्लिकन आणि इतर प्रॉटेस्टंट मिळून दोन टक्केही भरत नाहीत. मात्र या चिमुकल्या अँग्लिकन ख्रिस्तसभेत सिंहली आणि तमिळ असे दोन्ही भाषिक आहेत. तिच्या कुरुनेगला धर्मप्रांताचे लक्ष्मण विक्रमसिंघे हे १९६२ पासून बिशप होते. ते स्वतः सिंहली.

जुलै १९८३ मध्ये जाफना येथे तमिळ बंडखोरांनी १३ सैनिकांना ठार मारले. त्याचा सूड म्हणून सिंहली जमावांनी कोलंबोत व अन्यत्र निरपराध तमिळांची घरेदारे जाळली. शेकडो माणसे मारली गेली, हजारो निर्वासित झाली. बिशप तेव्हा इंग्लंडमध्ये होते. मायदेशी परतल्यावर आपल्या धर्मप्रांतासमोर त्यांनी स्पष्ट सांगितले, की या कृत्याचे कोणतेही नैतिक समर्थन होऊ शकत नाही. आपण सिंहलींनी लज्जित होऊन तमिळांची क्षमा मागितली पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांना दोन पळवाटा मोकळ्या होत्या. ‘मी तेथे नव्हतो’ ही एक आणि ‘आम्ही मूठभर ख्रिस्ती, बहुसंख्याकांच्या कृत्याशी आमचा काय संबंध?’ ही दुसरी. दोन्ही विधाने खोटी ठरली नसती. तरीही त्यांनी ‘ते’ न म्हणता ‘आपण’ म्हटले.

येथे यहेज्केलच्या वचनाला बाध येत नाही. दोष ज्याचा त्याचाच राहतो. परंतु ज्या समाजाच्या नावाने आपल्याला मान मिळतो, त्याच्या लाजेतही आपला वाटा असतो. दानीएलने आपल्या लोकांची पापे ‘आम्ही’ म्हणूनच देवापुढे कबूल केली. अर्थात, अशी क्षमायाचना स्वस्तही होऊ शकते. ती खरी असेल तर बोलणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते, आणि पीडिताकडून ती क्षमेचा तगादा लावत नाही.

पूर्वी एका धर्मग्रामात एक विधवा माझ्याकडे आली होती. तिच्या पतीच्या अंत्यविधीला गावकऱ्यांनी पाठ फिरवली होती. मी म्हणालो, “बाई, तेव्हा मी येथे नव्हतो.” ती काही न बोलता उठून गेली. माझे वाक्य सत्य होते. त्यात प्रीती मात्र नव्हती. कलवारीवर निष्पाप ख्रिस्ताने आपला भार वाहिला, असे मी प्रत्येक मिस्सेत सांगतो. त्या दिवशी तिचा थोडासा भार उचलणे मला जमले नाही.