भातकुलीहून मालवण

भातकुलीतून पाठीवर पिशवी टाकून आषाढात मालवणला निघालात, तर घरचे म्हणतीलच, "पावसाचं कोनी समुद्रावर जाते काय?" बरोबर आहे त्यांचं. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद. मी म्हणतो, तरी जावं. भिजत किनाऱ्यावरूनच किल्ला पाहावा. १६६४ साली शिवरायांनी बांधायला घेतलेला, चहूकडून खारट लाटा आणि आत दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर. तिन्हींचं पाणी गोड! आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथं विहीर खणली तर पाणी खारं. मालवणच्या खानावळीत हे सांगून पाहा, पटकन पटायचं नाही कुणाला. आणि हो, कपडे जास्तीचे न्या, तिथं ते वाळत नाहीत.