राखेच्या बांधाला वाली कोण?

परभणी जिल्ह्यात धातूची खाण नाही, त्यामुळे खाणीचा गाळ अडवणारे धरणही नाही. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी असे धरण फुटले आणि २७० माणसे गेली. ही बातमी पाथरी-सोनपेठच्या वाचकाने दूरदेशीची म्हणून वाचली आणि पान उलटले, तर त्यात त्याचे काही चुकले नाही. पण त्याच कुळातला बांध गंगाखेडच्या शेजारी परळीला आहे, आणि त्यामागे जे साठते ते आपल्याच गोदावरीच्या पाण्याने वाहून आणलेले असते. थर्मलचा, म्हणजे औष्णिक वीज केंद्राचा राख तलाव.

पाथरी तालुक्यातला मुदगलचा बंधारा आणि सोनपेठ तालुक्यातला खडक्याचा बंधारा परळीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी देतात. २०१५ मध्ये पाणी आटले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. थर्मलशी आपले नाते इतक्यावरच संपते : यंदा पाणी पुरेल का, आणि पुरले तर शेतीच्या वाट्याचे किती गेले. गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते हे कोणी विचारत नाही. त्यातले काही पाणी राखेत कालवून, तिचा पातळ लगदा करून नळांवाटे तलावात सोडले जाते. आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राखच असते. २५० मेगावॅटचे तीन संच पूर्ण ताकदीने चालले, तर ढोबळ हिशेबाने रोज चार हजार टनांच्या आसपास राख निघेल. कोरडी राख सिमेंट कारखान्यांचे बल्कर नेतात. ओली तलावात साठते आणि तिथूनही हायवा भरभरून वीटभट्ट्यांकडे जाते. परळीच्या राखेविषयी आजवर जे बोलले गेले ते या हायवांविषयी, त्यांच्या मालकांविषयी आणि रस्त्यावर उडणाऱ्या धुळीविषयी. बांधाविषयी जवळजवळ नाहीच.

पाण्याचे धरण एकदाच बांधतात. येलदरीची भिंत पुरी झाली, मग तिची देखभाल सुरू झाली. राखेच्या बांधाला असा पुरा झाल्याचा दिवसच नसतो. आधी एक ठेंगणा बांध घालतात, त्यामागे राख भरते, मग त्यावर दुसरा टप्पा चढवतात, मग तिसरा. बाहेरच्या बाजूने रुंदी वाढवत चढवले तर माती जास्त लागते, जागा जास्त जाते आणि पैसाही. म्हणून अनेक ठिकाणी आतल्या बाजूने, आधी साठलेल्या राखेवरच पुढचा टप्पा उभा करतात. म्हणजे ज्याला अडवायचे त्याच्याच खांद्यावर भिंत. राख कोरडी आणि दाबलेली असेल तर हे चालते. ती पाण्याने तुडुंब भरलेली असेल, तर चिखलणी केलेल्या भातखाचरासारखी तिची अवस्था होते : वरून सपाट आणि घट्ट दिसते, पाय ठेवला की काही नाही. ब्रुमाजिन्योचे धरण याच पद्धतीने चढवलेले होते. त्यात २०१६ पासून नवा गाळ टाकणेही बंद होते आणि आदल्याच वर्षी त्याला स्थिरतेचा दाखला मिळाला होता. खाणीचे उपाहारगृह आणि कचेऱ्या त्या धरणाच्या खालच्याच अंगाला होत्या.

मराठवाड्यातल्या माणसाला हे उमगायला जड जाते, कारण त्याची सगळी समज उलटी घडलेली आहे. धरण भरले की आपण ओटी भरायला जातो. टक्का वाढला की पहिल्या पानावर छापतो. राखेच्या तलावात मात्र पाणी साठून राहणे हीच वाईट खबर. ते सतत काढून घ्यावे लागते, फिरवून पुन्हा वापरावे लागते, आणि बांधाच्या पोटात ते किती उंचीवर उभे आहे हे पिझोमीटरने पाहावे लागते. दुष्काळी भागात हा धोका कमी, असेही समजू नये. सिंगरौलीजवळ सासनचा राखेचा बांध फुटून सहा जण वाहून गेले ते १० एप्रिल २०२० रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. पावसाचे उदाहरण हवे असेल तर नागपूरशेजारी आहेच. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख तलाव फुटला. राखेचे पाणी शेतांत शिरले आणि कोलार-कन्हानच्या पात्राकडे गेले. कन्हानमधून नागपूर शहर पाणी पिते. माणसे दगावली नाहीत, म्हणून आठवडाभरात विषय मागे पडला.

आता कायद्याकडे. पानशेत आपण विसरलो नाही, २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेले तिवरेही नाही. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि नाशिकची धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून त्यांच्याकडे पाहते. २०२१ मध्ये केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. पाहणी कोणी करायची, आपत्कालीन आराखडा कोणी आखायचा, धरण फुटले तर पाणी कुठवर जाईल याचा नकाशा कोणी काढायचा, सगळे त्यात आहे. पण त्या कायद्यातले धरण म्हणजे नदीवर किंवा उपनदीवर पाणी अडवण्यासाठी वा वळवण्यासाठी घातलेला बांध. राख आणि खाणीचा गाळ अडवणारे बांध या व्याख्येत बसतच नाहीत.

मग ते उघड्यावर आहेत का? तसेही नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या राखेविषयीच्या अधिसूचनेत राख तलावाच्या वार्षिक प्रमाणपत्राची तरतूद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, राज्याचे मंडळ आहे. पण ही प्रदूषणाची खाती आहेत. हवा काळवंडली, पाणी नासले, की त्यांचे काम सुरू होते. बांधाचा उतार किती, पोटातले पाणी किती चढले, हा मूळचा धरणवाल्यांचा प्रश्न, आणि धरणवाल्यांच्या वहीत हा बांध नाही. प्रमाणपत्राला मी निरुपयोगी म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा दिलेला कागद त्या दिवशीच्या बांधाविषयी बोलतो; टप्पा चढवल्यावर आणि एक पावसाळा गेल्यावर बांध वेगळा असतो.

त्यात राख उपसण्याची भर. राख उचलली जाणे चांगलेच, बांधावरचा भार हलका होतो. अधिसूचनेचा सगळा रोखही शंभर टक्के राख वापरली जावी असाच आहे. पण पोकलेन कुठे लावायचा हे बांधाचा अभियंता ठरवतो की राखेचा ठेकेदार? तलावाच्या मध्यातून काढलेली राख आणि बांधाच्या पायथ्याशी कोरलेली राख यांचा बाजारभाव एकच असतो. दुसऱ्या उपशाने बांध उघडा पडू शकतो. राखेच्या धंद्याचा प्रश्न आपण फक्त पैशांचा आणि गुंडगिरीचा करून टाकला, त्यात हा भाग राहून गेला.

परळीचा बांध कमकुवत आहे असा माझा दावा नाही. माझे म्हणणे एवढेच की तो भक्कम आहे हे पायथ्याच्या दाऊतपूर-वडगावच्या लोकांना पडताळून पाहता आले पाहिजे. पिझोमीटरचे आकडे महिन्याला ग्रामपंचायतीत लागावेत. प्रमाणपत्र मराठीत यावे, त्याखाली सही करणाऱ्याचे नाव असावे. राख कुठवर वाहील याचा नकाशा तलाठ्याकडे असावा. कायद्याची व्याख्या दोन ओळींनी रुंदावली तर हे सक्तीचे होईल, पण तोवर थांबण्याचे कारण नाही. परळीचे केंद्र चालवणारी महानिर्मिती ही सरकारी कंपनी आहे आणि तिला हे करायला कोणी अडवलेले नाही. परभणीकरांनीही हे मागावे. पाणी आपले जाते, आणि परळीचे ओढे उताराने शेवटी गोदावरीच्याच खोऱ्यात येतात.

परळीचे जुने संच केव्हाच बंद झाले. त्यांनी केलेली राख मात्र बंद होत नाही. स्थिर करून वर झाडी उभी केलेले तलाव सोडले, तर अशी साठलेली जुनी राख दहा वर्षांत संपवा असे २०२१ ची अधिसूचना सांगते. ही मुदत २०३१ च्या अखेरीस पुरी होईल. तोपर्यंत दर पावसाळ्यात या बांधांवर रात्रपाळीला कोण असते, आणि त्याच्याकडे गावात कळवायला कोणाचा फोन नंबर आहे, हे आजच विचारता येण्याजोगे आहे.