पाचा उत्तरी

श्रावणी सोमवारी पंचवटीतल्या कपालेश्वराच्या पायऱ्या चढून वर गेले की नजर सवयीने नंदी शोधते. इथे नंदी नाही. का नाही, ते रामकुंडावरचा कुणीही सांगतो. शंकराला ब्रह्महत्येचे पातक लागले. ते कुठेच फिटेना. नंदीने गोदावरीची वाट दाखवली. रामकुंडात स्नान केले, पातक गेले. तेव्हापासून शंकराने नंदीला गुरू मानले. मग गुरूला आपल्या पुढ्यात वाहन म्हणून कसे बसवायचे? पुराणिकाला हीच कथा रात्रभर पुरेल. इथे ती पायात चपला घालता घालता सांगून होते, आणि तिच्यात काही राहून गेले असे वाटत नाही.

हे कसब आपल्या व्रतांच्या कहाण्यांनी एका वाक्यात धरून ठेवले आहे : ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणताना पाचचे जे रूप होते, तेच इथले ‘पाचा’, ‘साठा’ही तसेच. साठ बोलांची गोष्ट पाच बोलांत पुरी केली, एवढाच अर्थ. तो सुटला की लिहिताना ‘साठा उत्तराची’ होते, जणू धान्याचा साठा. कुठे ‘साता’, कुठे ‘सफल’.

मला अधिक खटकतो तो वापर. रखडलेला पूल एकदाचा खुला होतो, नट-नटीचे लग्न लागते, आणि बातमीत ‘साठा उत्तरांची कहाणी सुफळ संपूर्ण’ छापून येते. ‘पाचा उत्तरी’ गळालेले असते, म्हणजे वाक्याचा प्राणच गेलेला असतो. शिवाय ‘सुफळ’ हे गोष्टीतल्या पात्रांपुरते नाही. कहाणी ऐकणारी बाई हातात अक्षता घेऊन बसते. खुलभर दुधाच्या कहाणीतल्या म्हातारीला शंकर पावला, तसा तो तुम्हाआम्हालाही पावो, असे मागून झाल्यावर हे वाक्य येते आणि अक्षता वाहिल्या जातात. फळ ऐकणाऱ्याच्या पदरात पडायचे असते.

मुले आता ‘लाँग स्टोरी शॉर्ट’ म्हणतात, म्हणू देत. इंग्रजीतला पुरा प्रयोग ‘टू मेक अ लाँग स्टोरी शॉर्ट’, ब्रिटिश लोक ‘मेक’ऐवजी ‘कट’ म्हणतात. वाक्याच्या सुरुवातीला तो आला तर पुढे स्वल्पविराम द्यावा, आणि नंतर खरोखरच दोन-तीन वाक्यांत आटपावे. पानभर लांबवले तर तो प्रयोग खोटा पडतो. तो शेवटाच्या आधी येतो, आता आवरते घेतो असा शब्द देतो. आपले वाक्य आवरून झाल्यावर येते. त्यामुळे ते मथळ्यात किंवा पहिल्याच परिच्छेदात टाकले, तर तोवर वाचकाच्या हाती गोष्टही पडलेली नसते आणि फळही.